कोरड्या कुंड्या

१९६७ सालचा तो उन्हाळा. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या रिव्हरिनात दुष्काळ होता आणि नाताळाच्या आठवड्यात अंगणातल्या नळालाही गरम पाणी यायचं. गावाबाहेरच्या गवत-संशोधन केंद्रात मी मुळं धुवायचं काम करत असे.

केल्विन प्रेवेट नावाच्या विद्यार्थ्याने तिथल्या काचघरात कुंड्या लावल्या होत्या. प्रत्येक कुंडीत आपलं कांगारू गवत आणि आफ्रिकेतून आलेलं आगंतुक गवत, शेजारी शेजारी. पाण्यासाठी झगडताना कोण वरचढ ठरतं ते त्याला पाहायचं होतं. शेवटी दोन्ही कापून, वाळवून वजन करायचं. पाण्याची ओढाताण व्हावी म्हणून अर्ध्या कुंड्यांचं पाणी बंद केलेलं. त्याची पदवी त्या कोरड्या कुंड्यांवरच अवलंबून होती. नाताळाला तो आईकडे गेला आणि कुंड्या आयल्सावर सोपवून गेला. ही आयल्सा दूर उत्तरेकडच्या बर्क गावाच्या बाजूची, मेंढ्यांच्या रानात वाढलेली, सुट्टीपुरती कामाला आलेली.

कापणीच्या दिवशी मी कोरड्या कुंडीतला मातीचा गड्डा हौदात सोडवला, तर कांगारू गवताची मुळं पांढरी, ताजी. केल्विन हरखला. आयल्साला चिडवू लागला, की तुझ्या बापाला सांग, आता मेंढ्यांनी विलायती गवत खाणं सोडावं. ती हसली नाही. तो कापलेल्या गवताच्या पिशव्या घेऊन वाळवायच्या भट्टीकडे गेला, तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली, "बेरिल, मी त्यांना पाणी घातलं. फक्त कांगारू गवताला. चमच्याने, मुळाशी."

 का, एवढंच मी विचारलं.

"घरी दुष्काळात बाबा मेंढ्यांना गोळ्या घालायचे तेव्हा फाटक मी धरायचे. इथे निदान नळ होता."

मी म्हटलं, त्याला सांगून टाक. पण गवत भट्टीत वाळत होतं तेवढे दिवस ती त्याच्यासमोर यायचीच टाळत होती. जेवणाच्या सुट्टीत डबाही उघडायची नाही. वजनाच्या दिवशी केल्विन काट्यावरचे आकडे मोठ्याने वाचत होता. तेव्हा ती दारातूनच म्हणाली, "केल्विन, ते वजन माझं आहे."

"का, तू बसली होतीस कुंडीत?"

मग तिने सगळं सांगितलं. त्याने पिशवी काट्यावरून उतरवली.

"मरू द्यायचं होतं गं. त्यांचं कामच ते होतं."

"माहीत होतं. म्हणून तर विचारलं नाही."

तो प्राध्यापकांकडे गेला आणि पाणी देण्यात आपलीच चूक झाली म्हणाला. तिचं नाव त्याने घेतलं नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ती मला जाताना म्हणाली.

पुढच्या उन्हाळ्यात केल्विनने पुन्हा कुंड्या लावल्या. शिष्यवृत्ती संपली होती, म्हणून पहाटे बेकरीत राबायचा. या वेळी कांगारू गवत आधी मेलं. पदवी मिळाली, क्वीन्सलँडला नोकरीही लागली, आणि तिथेच तो म्हातारा होऊन वारला. मी केंद्र बंद होईपर्यंत मुळं धुतली. आयल्साने बापामागे मेंढ्या सांभाळल्या. नाताळाला तिचं कार्ड येतं. तो होता तोवर त्यात ती केल्विनबद्दल विचारायची, त्याला स्वतः कधी लिहायची नाही. मी एकदा त्याच्याकडे विषय काढला, तर तो म्हणाला की ते मी केव्हाच विसरलो. मी तिला तसं कळवलं. तिचा विश्वास बसला नाही.