डावीकडचा खड्डा

बुवापाड्याच्या आमच्या मैदानात बास्केटबॉलचे खांब दोन, रिंग एक, आणि त्या रिंगच्या डाव्या अंगाला एक खड्डा. पाइप टाकायला म्हणून कुणीतरी तो खणला आणि जो पाइप आणायला गेला तो परत आलाच नाही.

त्यामुळे आमची स्वप्नाली चेंडूला टप्पे देत सुसाट निघायची ती कायम उजवीकडूनच.

"अगं, हात बदल! डावीकडून काढ!" मी कोच म्हणून रोज बोंबलायचो.

"सर, तिकडं खड्डा आहे ना."

मी खड्ड्यावर फळी टाकली. ती कुणाच्या तरी चुलीत गेली.

२००६च्या उन्हाळ्यात उल्हासनगरला जिल्ह्याच्या संघाची निवड होती. कोर्ट कसं, आरशासारखं. स्वप्नालीला अडवायला बदलापूरची वैष्णवी, ताडमाड. निवड करणारे सर म्हणाले, "दोन्ही बाजूंनी काढता आलं तरच घेणार."

स्वप्नाली उजवीकडून गेली. चेंडू वैष्णवीने काढून घेतला. पुन्हा उजवीकडून. पुन्हा तेच.

"बाई, इथे खड्डा नाहीये!" मी बाहेरून ओरडलो.

"माहितीये सर. पाय ऐकत नाहीत!"

"लास्ट चान्स," सर म्हणाले.

ती निघाली आणि परत उजवीकडेच झुकली. मला राहवेना. "खड्डा नाही" म्हणायला गेलो, पण बसलेल्या घशातून "खड्डा!" एवढंच निघालं.

वैष्णवी पडली बदलापूरची, रस्त्यातले खड्डे चुकवतच मोठी झालेली. तिने गपकन खाली पाहिलं आणि टुणकन स्वप्नालीच्या उजव्या अंगाला उडी मारली. उजवी वाट बंद. स्वप्नाली नाइलाजाने डावीकडून घुसली. बास्केट!

सरांनी ती पाहिलीच नाही. तेही बदलापूरचे, खुर्चीखाली वाकून बघत होते.

"परत दाखव," ते म्हणाले. "आणि कोच, तुम्ही तोंड बंद."

मी तोंडावर रुमाल धरला. स्वप्नाली निघाली, उजवीकडे झुकली आणि तिने वैष्णवीच्या पायाशी नुसतं दचकून बघितलं. वैष्णवी पुन्हा उडाली. चेंडू डावीकडून जाऊन रिंगमध्ये.

"ए, येडा बनवते काय!" वैष्णवी करवादली.

सर मात्र खूश. "घेतली हिला! काय नजर फिरवली! कुणी शिकवलं गं?"

"खड्ड्याने, सर."

"खडाने सर? नाव नाही ऐकलं. कुठले?"

स्वप्नालीने माझ्याकडे पाहिलं. माझा घसा, माझ्या संध्याकाळी, माझी फळी, सगळं त्या खड्ड्याच्या नावावर.

"आमच्या बुवापाड्याचेच," मी म्हटलं. "जरा खोल माणूस आहे."