मावशींच्या पापण्या

बाळांनो, जरा भुवया वर उचला बघू. आणखी वर. आता संध्याकाळपर्यंत तशाच धरून ठेवा. जमत नाही ना? पाळणाघरातल्या मावशी रोज हेच करत.

वय झालं की पापणीची कातडी सैल पडते. ती उचलणारा स्नायू जुन्या इलॅस्टिकसारखा ढिला होतो आणि पापणी डोळ्यावर उतरते. मग कपाळ तिला वर ओढत राहतं. दुपारपर्यंत तेही दमतं. माणूस टक्क जागं असतं, पण दिसतं पेंगलेलं.

एका दुपारी पाळणाघरातल्या ठकूचे बाबा तिला न्यायला लवकर आले. खिडकीतून त्यांना दिसलं ते असं: मुलं झोपलेली, मावशी भिंतीला टेकलेल्या, पापण्या खाली.

"काय मावशी, लागला डोळा? की आम्ही अंगाई म्हणू?"

"जागी आहे हो," मावशी हसल्या. "पापण्याच मेल्या खाली येतात."

"झोपाळू माणूस आणखी काय सांगणार?" बाबा पाळणाघर चालवणाऱ्या ताईंकडे वळले. "उद्यापासून इथे एक तर या मावशी राहतील, नाहीतर आमची ठकू."

ताई खाली बघत म्हणाल्या, "मावशी, आणखी दोन मुलांच्या आयांचीही हीच तक्रार आहे."

मावशींना घरी कुणी नव्हतं. त्यांचं जे काही होतं, ते या गाद्यांवर झोपलं होतं.

"ठकूला विचारा," त्या म्हणाल्या. "माझी पोर खोटं बोलायची नाही."

चार वर्षांची ठकू उठून बसली. मावशींनी जीव खाऊन भुवया वर ताणल्या.

"मावशी झोपतात का गं?" ताईंनी विचारलं.

"हो, रोज," ठकू शहाण्यासारखी म्हणाली. "मग मी हळूच उठून खेळते. त्यांना उठवत नाही."

तो खेळ मावशी रोज पापण्यांच्या फटीतून बघत. तिचा डाव मोडायला नको म्हणून गप्प राहत. आताही त्या गप्पच राहिल्या.

"झालं समाधान?" बाबांनी ठकूचा गालगुच्चा घेतला. "गुणाची पोर."

मावशींनी एप्रन सोडला, घडी घातली, ताईंच्या हातात दिला. बाबा आणि ताई हिशेबाचं बोलायला आत गेले. मावशी बाहेरच्या पायरीवर चपला घालायला बसल्या.

ठकू धावत त्यांच्यामागे गेली. आपल्या दोन्ही तळहातांनी तिने मावशींच्या पापण्या अलगद मिटल्या, आणि कानाशी लागून म्हणाली, "झोपा आता. बाबा बघत नाहीयेत."