दुसरं कडवं

एकाहत्तरच्या युद्धात अहल्याअक्का आणि त्रिविक्रमराव यांनी मिळून गायलेलं गाणं बेंगळुरूच्या जुन्या मराठी घरांत अजूनही गुणगुणलं जातं. पहिलं कडवं सीमेवर निघालेल्या जवानाचं, दुसरं त्याच्या बायकोचं. त्रिविक्रमराव कधीच गेले. अक्कांनी पंचाहत्तरी ओलांडली.

यंदा विजय दिनाला शहरातल्याच येलहंक्याच्या मराठी मंडळाने त्यांना बोलावलं. तालमीच्या वेळी अध्यक्ष दयानंद जवळ येऊन बसला.

"अक्का, जवानाचं कडवं आपल्या मंडळातला रणवीर गाईल. तुम्ही धृपदाला साथ द्या. दुसरं कडवं मात्र नको."

"का रे?"

"सीमेपलीकडेही कुणीतरी दार उघडं ठेवून बसली असेल, असं म्हणते ना ती जवानाची बायको? हल्ली लोकांना खपत नाही. स्वल्प समजून घ्या."

"डोक्यावर विमानं घोंगावत होती तेव्हा खपलं. जवानांपुढे गायले मी. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं."

"पण कार्यक्रम मंडळाचा आहे, अक्का."

"सरी, असू दे मंडळाचा. गाणं माझं आहे."

कार्यक्रमात रणवीर छान गायला. टाळ्या पडल्या, निवेदक पुढे सरसावला. पण अक्का माइकसमोरून हलल्या नाहीत. त्यांनी दुसरं कडवं उचललं. पहिली ओळ संपते न संपते तोच माइक बंद झाला. दयानंद साउंडवाल्याच्या शेजारीच उभा होता.

अक्कांचा वरचा सूर आता कापायचा. आवाज मागच्या रांगांपर्यंत पोचणार नाही, हे त्यांना कळत होतं. मग त्या गातच पायऱ्या उतरल्या आणि लोकांमध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

पुढच्या रांगेत सत्कारासाठी सोयराबाईंना बसवलं होतं. त्यांचा नवरा त्या युद्धातून परतला नव्हता. त्या काठी टेकत उठल्या, अक्कांच्या शेजारी आल्या आणि बेसूर पण खणखणीत आवाजात गाऊ लागल्या. एक शब्द चुकला नाही. त्यांना गप्प बसवायची कुणाची छाती होणार? मागून एकेक बाई उठली. रणवीरने क्षणभर दयानंदकडे पाहिलं, मग पेटी पुढे ओढून सूर धरला.

कडवं पुरं झालं तेव्हा काही माणसं उठून निघूनही गेली होती. अक्कांनी त्यांना जाताना पाहिलं.

"पुढच्या वर्षी तुम्हाला बोलावता येणार नाही," दयानंद तोंड पाडून म्हणाला.

"नको बोलावू. मी येईन." अक्कांनी सोयराबाईंचा हात धरला. "चला हो, घसा सुकला. कॉफी घेऊ."