पहिल्या पानावरचं नाव

हे सांगितलं तर कुणाचाही विश्वास बसणार नाही. तरी सांगतो, कारण विश्वास बसेल असं काही या वयात माझ्या बाबतीत घडेनासं झालंय.

कसबा पेठेत आमचं एक वाचनालय आहे. दोन खोल्या आणि बाहेर एक बाक. मी राहतो कोथरूडला, पण सभासद लहानपणापासून इथलाच. संध्याकाळी त्या बाकावर मी आणि सुहासिनीबाई बसतो. बाई गणिताच्या शिक्षिका होत्या. अजूनही समोरच्याकडे, याचं उत्तर चुकलंय, अशाच नजरेने बघतात. आमची ओळख ‘साठे कंपाउंडर’ या रहस्यकथांच्या मालिकेमुळे. नवं पुस्तक आलं की आधी मी, मग त्या, असा रिवाज. मग बाकावर बसून भांडण.

आमच्या वाचनालयाला एक खोड लागलेली आहे. कुणीतरी उपद्व्यापी सभासद रहस्यकथा वाचून झाली की पहिल्या पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवतो. बारीक, सुवाच्य अक्षरात. ‘खुनी : धाकटी जाऊ.’ त्यामुळे इथले लोक रहस्यकथा उघडताना पहिली दोन पानं एकदम उलटतात. सुहासिनीबाई तर ग्रंथपाल अनिरुद्धकडून ते नाव आधी खोडून घेतात, आणि तो खोडरबर फिरवत असताना भिंतीकडे तोंड करून उभ्या राहतात. हा माणूस कोण, ते आजवर सापडलेलं नाही. मीही शोधात आहे.

तर त्या मालिकेचं शेवटचं पुस्तक आलं. शेवटचं, असं लेखकानेच छापून टाकलंय. हात चालत नाही, वाचकांनी समजून घ्यावं म्हणे.

आता वाचनाचाच शीण येतो. अनिरुद्ध हौसेने नवी पुस्तकं हातात ठेवतो. एका कादंबरीत नायक नव्वद पानं गॅलरीत उभा होता. गोळे माझ्या पायांना आले. पहाटे उठून यशस्वी कसं व्हावं, याचं एक पुस्तक दिलं. पहाटे मी उठतोच, झोप लागत नाही म्हणून. यश काही दिसलं नाही. एका तिशीतल्या पोराचं आत्मचरित्र वाचलं आणि त्याच्यापेक्षा मलाच दम लागला. नव्या रहस्यकथांत सहा-सहा प्रेतं पडतात, पण कुणी कुणाला चहा विचारत नाही. पुस्तक मिटलं की कोण मेलं तेही आठवत नाही.

साठे कंपाउंडरचं तसं नव्हतं. दर पुस्तकाच्या शेवटी तो सगळ्या संशयितांना दवाखान्याच्या बाकावर बसवायचा, एकेकाच्या हातात गुलाबी औषधाची बाटली द्यायचा, आणि ज्याचा हात थरथरला त्याचं नाव घ्यायचा. दर खेपेला तेच. आणि दर खेपेला मी ताठ बसायचो. आता कशासाठी ताठ बसायचं?

त्यात सुहासिनीबाईंनी बातमी आणली की रविवारी त्या हडपसरला चालल्या, मुलाकडे, कायमच्या. विश्वजीतने बाराव्या मजल्यावर त्यांच्यासाठी खोली तयार ठेवलीय. अनिरुद्ध म्हणाला, हडपसर काही परदेश नाही. बाई म्हणाल्या, परदेशाला निदान विमान जातं. जाण्याआधी त्यांना एकच गोष्ट हवी होती : साठ्यांचं शेवटी काय झालं ते. आणि पुस्तक माझ्याकडे. सोमवारी त्यांनी मला बजावलं. मंगळवारी मी विसरलो. बुधवारी माझा गुडघा दुखत होता. गुरुवारी मी पोचायच्या आत त्या बाकावर येऊन बसल्या होत्या.

तेव्हा मग मी त्यांना घडलं ते सांगितलं.

म्हटलं, पुस्तक तर मी एका बैठकीत संपवलं. परत करायला कोथरूडहून निघालो, रिक्षाला हात केला. रिक्षावाला नाही म्हणाला. इथवर बाईंनी मान डोलावली. पण नाही म्हणता म्हणता त्याची नजर माझ्या हातातल्या पुस्तकावर गेली, आणि तो म्हणाला, जरा बघू. त्याने रिक्षा कडेला घेतली आणि वाचायला लागला. गिऱ्हाइकं आली, तो मान वर करेना. कुठलंही भाडं नको, म्हणाला, आधी खुनी. मग दंड करायला हवालदार आला, तो त्याच्या खांद्यावरून वाचू लागला. मागे बस थांबली. कंडक्टर जाब विचारायला उतरला आणि तोही तिथेच अडकला. मागच्या लोकांना दिसेना, तेव्हा हवालदाराने मोठ्याने वाचायला घेतलं. सिग्नल हिरवा झाला, लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. पुण्यात, बाई, सिग्नल हिरवा असून एकानेही हॉर्न वाजवला नाही.

“इथे जरा जास्त झालं,” बाई म्हणाल्या. “पुढे?”

पुढे काय. शेवटच्या प्रकरणाला गर्दी रेटली, ओढाताण झाली, आणि पानं सुटी झाली. पुस्तक बाइंडरकडे टाकलंय. तो म्हणतो, पंधरा दिवस तरी लागतील. म्हणजे रविवार उलटून जाणार. पण काळजी नको, शेवट मी सांगतो. आणि मी सांगितला. सगळे संशयित बाकावर बसलेत. साठे एकेकाला बाटली देत पुढे सरकतात. कुणाचाच हात थरथरत नाही. शेवटची बाटली उचलतात, आणि थरथरतो तो त्यांचा स्वतःचाच हात. मग ते बाटली खाली ठेवतात, दवाखान्याला कुलूप लावतात आणि चालू लागतात.

समोरच्या दुकानदाराने बाहेर मांडलेल्या टोपल्या आत घेतल्या. मग बाईंनी शांतपणे विचारलं, “आणि खुनी कोण?”

खोडरबर फिरेस्तोवर भिंतीकडे बघत उभी राहणारी बाई. तीच आज खुन्याचं नाव विचारत होती. मी म्हटलं, ते सांगितलं तर मजा जाईल.

“तुम्ही म्हणताय हे?” त्या म्हणाल्या, आणि माझ्या मांडीवरच्या कापडी पिशवीकडे हात केला. “द्या ती इकडे.”

पिशवीत कोथिंबीर आहे, असं मी म्हणालो. त्यांनी पिशवी ओढून घेतली. आतून पुस्तक काढलं, वाचनालयाचं खाकी कव्हर घातलेलं, धडधाकट, एकही पान न सुटलेलं. अनिरुद्धला हाक मारली नाही. भिंतीकडे पाहिलं नाही. दोन पानं एकदम उलटायची या वाचनालयाची रीत, तीही मोडली. सरळ पहिलं पान उघडलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि पान डोळ्यांजवळ नेऊन त्यावरून वरपासून खालपर्यंत सावकाश बोट फिरवलं, फळ्यावर मुलांनी सोडवलेलं गणित तपासावं तसं.

“आप्पासाहेब,” त्या म्हणाल्या, “पहिलं पान कोरं आहे. तुम्ही हे पुस्तक वाचलेलंच नाही.”