खडकीच्या दरीतली लांडगीण

गफार मास्तरांचा जुगराफिया, म्हणजे भूगोल, पुस्तकातून सुरू होत नसे. आधी आपलं शिवार, मग तालुका, मग जग. आणि डोळ्यांनी पाहिलं नाही ते कागदावर काढायचं नाही, हा त्यांचा दंडक. जळकोटजवळच्या त्या शाळेत गंगम्मा ही एकटीच मोठी मुलगी, पण तिच्या नकाशापुढं पोरांची तोंडं उतरली होती. ओढे, पाणवठे, काळविटांचं माळरान, खडकीच्या दरीत पिल्लं घेऊन राहिलेली लांडगीण, सगळं जागच्या जागी. मास्तरांनी तो कौतुकानं भिंतीवर लावला. कौतुक असं अंगाशी येईल हे कुणाला ठाऊक!

अठ्ठेचाळीस सालचा उन्हाळा तो. निजामाविरुद्ध उठलेली पोरं रानोमाळ लपत होती आणि पोलिसांचा अमीन त्यांच्या मागावर होता. त्या सकाळी तो शाळेत शिरला तो थेट नकाशापुढंच उभा राहिला.

"बोरीच्या दरीत ऐन उन्हाळ्यात पाणी? पानी है तो आदमी भी होंगे."

त्याच पाण्यावर गंगम्माचा भाऊ शांतलिंग साथीदारांसह लपला होता. भाकरी पोचवायला कालच तर ती गेली होती.

"ते आटलं, साहेब," ती बोलून गेली. "आता खडकीच्या दरीतच हाय थोडं."

"मास्तर, ही खरं बोलते?"

मास्तर परवाच बोरीच्या झऱ्याचं पाणी ओंजळीनं प्याले होते. त्यांनी गंगम्माकडं एकवार पाहिलं. कपाळावरचा घाम पुसला.

"खरं हाय, साहेब. नकाशा दुरुस्त करायचा राहिला. चूक माझी."

"चल पोरी, दाखव."

तिला पुढं घालून शिपाई निघाले. शांतलिंग जागा बदलून नेमका खडकीकडंच आला असेल तर? दरीत डबकं होतं, भोवती चिखल होता, पण चिखलात माणसाचं एकही पाऊल नव्हतं. अमीननं तिचा दंड आवळला.

"किधर हैं? कुणाला वाचवतेस?"

तेवढ्यात कपारीतून लांडगीण बाहेर आली. पळाली असती तर वाचली असती. पण ती कपारीच्या तोंडाशी दात विचकून उभी राहिली. अमीननं दंड सोडला आणि बंदूक उचलली.

एका बारात काम झालं. मग काय विचारता! बंडखोर राहिले बाजूला, शिपायांनी शिकार काठीला उलटी टांगली आणि वाजतगाजत निघाले. "नकाशा सच्चा है तेरा," अमीननं तिची पाठ थोपटली. ती थाप तिला झोंबली.

बंदुकीच्या आवाजानं बोरीच्या दरीतली पोरं सावध झाली आणि दिवस मावळायच्या आत सरहद्दीपार गेली. निरोप आला तशी आईनं, रुद्रम्मानं, लेकीला कवटाळलं, तिच्या तोंडात गुळाचा खडा घातला.

"माझ्या शांतलिंगाला वाचवलंस गं बाय! लई गुणाची माझी लेक."

गंगम्माला गूळ गिळवेना. ती हमसून हमसून रडू लागली.

"पिल्लं तिथंच हायत, अव्वा. ती आईची वाट बघत असतील."

"कुणाची पिल्लं गं?" रुद्रम्मानं विचारलं.