दम न घेणारं यंत्र

आत्याच्या अंधशाळेतलं ब्रेल छापायचं यंत्र धडधाकट होतं. ते चालवणारा जुना संगणक मात्र गेला होता. नव्याला यंत्राशी बोलता येईना, म्हणून दोघांमधला दुभाषा, म्हणजे ड्रायव्हर, लिहायला मी बसले होते. यंत्राची कंपनी केव्हाच बुडालेली. मागे उरला होता माझ्या आज्ञांचे यंत्राला कळणारे आकडे करून देणारा असेंबलर, आणि त्याचं एकोणीस पानी माहितीपत्रक. बाराव्या पानावर एकच ओळ: 'अनावश्यक गोष्टींची काळजी आपोआप घेतली जाते.' ती लिहिणारा भेटला असता तर मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं असतं.

आज शनिवार. सोमवारी गणिताची परीक्षा, प्रश्नपत्रिका आत्यानेच काढलेली. छपाई झाली नाही तर परीक्षा तोंडी, असं मुख्याध्यापकांनी सांगून टाकलं होतं.

"तोंडी गणितात मागे जाऊन वाचता येत नाही," आत्या म्हणाली. "पोरं गणितात नाही, आठवणीत नापास होतील." आत्यालाही दिसत नाही, लहानपणी तिने हे भोगलंय.

अकरावा कागद निघाला. आत्याने बोटं फिरवली.

"ठिपके फरफटलेत."

म्हणजे ठिपके उठवणाऱ्या सुया मागे जायच्या आतच कागद सरकत होता. मधे थांबावं म्हणून मी 'काही करू नको' ही आज्ञा पन्नास वेळा लिहिली होती. आता ती पाचशे वेळा लिहिली आणि पुन्हा छापलं. पुन्हा फरफट.

"थांबणं वाढवलंस ना?"

"दहापट."

"मग आवाज तोच कसा? पूर्वी ठक व्हायचं, दम घ्यायचं, मग सर्र. आता दमच घेत नाही ते."

बावीस वर्षं त्या यंत्राशेजारी बसलेल्या बाईच्या कानाशी वाद घालू नये, पण मी घातला. मग निमूटपणे असेंबलरमधून निघालेल्या दोन्ही फाइली शेजारी ठेवल्या. पन्नासवाली आणि पाचशेवाली, दोन्ही अगदी सारख्या आकाराच्या.

"आत्या, हा लबाड माझ्या ओळी खातोय. काहीच न करणाऱ्या आज्ञा त्याला अनावश्यक वाटतात, सगळ्या गाळून टाकतो."

"मग त्यांना काहीतरी काम दे. आमच्या कार्यालयात सगळे तेच करतात."

एक मिळव, एक वजा कर. पुन्हा मिळव, पुन्हा वजा कर. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसला उद्योग मी पाचशे वेळा लिहिला. असेंबलर फसला, फाइल टम्म फुगली. मी लगेच छापायची कळ दाबली.

ठक. दम. सर्र.

आत्याने पान ओढून घेतलं. बोटं खालपर्यंत गेली, परत वर आली, एका ओळीवरून दोनदा फिरली.

"सातवा प्रश्न चुकलाय."

"पुन्हा सुया?"

"सुया नाही गं, मी. छत्तीस पेरू पाच जणांत सारखे वाटायला सांगितलेत." ती मोठ्याने हसली. "मागे जाऊन वाचलं, म्हणून सापडलं. पस्तीस कर, आणि छाप भराभर."