वरातीतली मैना

आयाळीत एक टिकली अडकली होती, आरशाची, नखाएवढी, कुठल्यातरी वरातीतल्या झुलीची. अवधूतला ती काढून टाकावीशी वाटत होती... पण एक हात नचिकेतच्या कमरेला, दुसरा त्याच्या ताठ गुडघ्यावर, आणि यातला सोडायचा कुठला? बोरीच्या रस्त्यानं मैना घोडी चालली होती, पुढं लगाम धरून निवेदिता, आणि खोगिरावर त्यांचं एकुलतं एक लेकरू, ज्याचे पाय जन्मापासून कात्रीसारखे एकमेकांत अडकायचे. घोडीच्या चालीचा झोका पोराच्या कमरेत उतरतो, कंबर आपली आपण सावरायला शिकते, असं परभणीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. आणि आता हात काढून बघा, असंही.

"अहो, काढा की आता," निवेदिता मागं न बघताच म्हणाली.

"पुढं खड्डा आहे."

"खड्डा मघाशीच गेला."

गेला होता खरा. पण हे हात... पांडुरंगा, तू आपल्याच कमरेवर हात ठेवून निवांत उभा राहतोस, माझ्या हातांना तेवढी बुद्धी का देत नाहीस? जन्मल्यावर दवाखान्यात काचेच्या पेटीत होता हा, तेव्हा भोकातून एक बोट आत घालू दिलं होतं, ते यानं धरलं — आणि त्या दिवसापासून सप्ताहात कीर्तनकारबुवांच्या मागं टाळ घेऊन उभं राहणं सुटलं. टाळाला दोन्ही हात लागतात, आणि ते रिकामे होते कुठं?

मैना थांबली. वाटेवरच्या घरातली सरजाबाई दाण्यांची परात घेऊन दारात आली होती. वरातीत दारोदार भिजवलेली डाळ खाऊन सोकावलेली घोडी. परात दिसली की तोंड गोड झाल्याशिवाय हलायची नाही. विकत घेताना हे कुणी सांगितलं नव्हतं.

"काय मास्तर, नवरदेव कुण्या गावचा म्हणायचा?"

"मावशी, परात आत न्या, नाहीतर ही इथंच मुक्काम करायली बघा."

"करू द्या की! दारी आलेल्या वरातीला उपाशी लावून देऊ व्हय?"

मूठभर दाणे खाऊनही मैना ढिम्म. ओट्यावरच्या बाया हसायला लागल्या. अवधूतनं पोराची कंबर आणखी घट्ट धरली. सगळे बघताहेत, आता हा घाबरेल, आता घसरेल...

"बाबा," नचिकेत एकेक अक्षर ओढत म्हणाला, "भ...जन."

अवधूतनं डोळे मिटून नाम धरलं. आधी खालच्या पट्टीत, मग कधी चढलं कळलंच नाही — मंडप, समई, मागं मृदंग, कितीतरी वर्षांनी छातीतून मोकळं — आणि मैनेच्या खुरांचा ताल त्यात येऊन मिसळला. ती नाचत होती. वरातीत हलगीवर नाचायची तशी, जागच्या जागी, पण सावकाश. आणि वर नचिकेत खदखदून हसत होता.

"अहो, टाळ्या थांबवा!" लगाम आवळत निवेदिता ओरडली.

टाळ्या? त्यानं डोळे उघडले. दोन्ही तळवे लाल झाले होते. मग पोराला धरलं होतं कोणी?

कोणीच नाही. आयाळीत मुठी रोवून तो ताठ बसला होता, कंबर मैनेच्या लयीत डुलत होती.

मैना निवली, चालू लागली. अवधूतचा हात आपसूक पुढं गेला.

"नको," नचिकेत म्हणाला.

निवेदितानं वळून पाहिलं. तिचे डोळे भरले होते. अवधूतला आनंद व्हायला हवा होता. झालाही. आणि तरी, ज्याच्यासाठी इतकी वर्षं दार उघडं धरून उभे होतो तो आत निघून गेला, आणि आपण बाहेरच राहिलो, असं काहीतरी... अवधूत चार पावलं मागं चालत राहिला. रिकामे हात कुठं ठेवावेत, ते त्याला कळत नव्हतं.